सांध्यांच्या हालचाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिजिओथेरपीचे विद्यार्थी, व्यायाम शिकवणारे आणि हाड मोडल्यावर हातात रिपोर्ट घेऊन बसलेले लोक, सगळ्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. खालची बरीच उत्तरं वाचता वाचता स्वतःच्या हातापायांवर तपासून पाहता येतात. मात्र सांधा आधीच दुखत असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर नुसतं वाचा.

हालचालींना नावं कशावरून दिली आहेत?

एका ठरलेल्या उभं राहण्यावरून. माणूस ताठ उभा, नजर समोर, पावलं पुढे, हात अंगालगत सरळ खाली आणि तळवे पुढच्या बाजूला, म्हणजे अंगठे बाहेर. असं कोणी सहज उभं राहत नाही, पण शरीररचनेतली प्रत्येक दिशा या स्थितीतून मोजतात. तुम्ही झोपलेले असा किंवा उलटे लटकलेले असा, कोपर दुमडलं की ते फ्लेक्शनच. हालचालीचं नाव जमिनीच्या नाही, शरीराच्या हिशेबाने ठरतं.

फ्लेक्शन म्हणजे पुढे वाकणं ना? मग गुडघा मागे का दुमडतो?

बहुतेक सांध्यांत फ्लेक्शन पुढेच होतं. मान छातीकडे येते, दंड पुढून वर जातो, मांडी पोटाकडे येते. गुडघा तेवढा उलटा. याचं उत्तर गर्भात सापडतं. सुरुवातीला हातापायांचे कोंब दोन्ही बाजूंना जवळपास सारखेच फुटलेले असतात. सातव्या आठवड्याच्या सुमारास ते आपापल्या अक्षाभोवती फिरतात, पण विरुद्ध दिशांना: हात बाहेरच्या बाजूला, पाय आतल्या बाजूला. त्यामुळे कोपराचं टोक मागे जातं आणि गुडघ्याची वाटी पुढे येते. म्हणून फ्लेक्शनची व्याख्या ‘पुढे’ अशी पाठ करण्यात अर्थ नाही. दोन हाडांमधला कोन कमी होतो ते फ्लेक्शन आणि वाढतो ते एक्स्टेंशन, एवढं धरून चाललं तर कोपर-गुडघ्यापुरता तरी गोंधळ होत नाही. खांद्यात आणि खुब्यात हा ‘कोन’ कुठे मोजायचा असा प्रश्न पडतो, तिथे मात्र पुढे-मागे हेच सोपं.

ॲबडक्शन आणि ॲडक्शन यांत नेहमी गल्लत होते. काय करावं?

ॲबडक्शन म्हणजे मध्यरेषेपासून दूर, ॲडक्शन म्हणजे मध्यरेषेकडे. उच्चार इतके जवळचे आहेत की दवाखान्यात काहीजण मुद्दाम ‘ए-बी-डक्शन’ आणि ‘ए-डी-डक्शन’ असं फोडून बोलतात. रिपोर्ट तोंडी सांगायचा असेल तर ही सवय फारच चांगली.

मध्यरेषा कुठली हाही प्रश्न आहे. दंड आणि मांडीसाठी ती शरीराच्या मधून जाते. हाताच्या बोटांसाठी मात्र मधल्या बोटातून आणि पायाच्या बोटांसाठी अंगठ्याशेजारच्या बोटातून. गंमत अशी की मधलं बोट स्वतःच रेषेवर असल्यामुळे ते कुठल्याही बाजूला हललं तरी ॲबडक्शनच ठरतं.

मूठ अर्धी वळली की बोटं फाकवता का येत नाहीत?

करून पाहा. पंजा सरळ ठेवून बोटं फाकवा, सहज फाकतात. आता बोटं मुळाशी, म्हणजे मुठीच्या उंचवट्यांपाशी, काटकोनात दुमडा आणि तशीच फाकवायचा प्रयत्न करा. जेमतेम थरथरतात.

त्या सांध्यांच्या दोन्ही बाजूंना अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे (लिगामेंट), आहेत. तळहातातल्या हाडाचं टोक पुरतं गोल नसतं. बोट सरळ असताना हे अस्थिबंध सैल राहतात आणि बोट दुमडलं की त्याच टोकावरून ताणले जाऊन घट्ट होतात. वस्तू पकडताना बोटं कडेला सरकत नाहीत ती यामुळे.

याचा एक व्यवहारातला परिणाम आहे. हाताला प्लास्टर किंवा स्प्लिंट घालून बरेच दिवस हालचाल बंद ठेवायची असेल, तर हे सांधे शक्यतो ७० ते ९० अंश दुमडून ठेवतात. सरळ ठेवले तर सैल पडलेले अस्थिबंध तेवढ्याच लांबीवर आखडतात आणि मग मूठ वळता वळत नाही. रुग्णाला हा हात विचित्र वाटतो, पण त्यामागे हे कारण असतं.

तळवा वर-खाली करताना नेमकं काय फिरतं?

कोपर ते मनगट या भागात दोन हाडं आहेत, रेडिअस आणि अल्ना. कोपर काटकोनात दुमडून कमरेला चिकटवा, अंगठा वर ठेवा. आता तळवा आकाशाकडे करा: हे सुपिनेशन. जमिनीकडे करा: हे प्रोनेशन. दोन्हीकडे साधारण ८० अंश मिळतात. दुसऱ्या हाताचं बोट कोपराच्या टोकावर ठेवून हेच करा. टोक जागचं हलत नाही, कारण ते अल्नाचं आहे. अंगठ्याच्या बाजूचं रेडिअस त्याच्यावरून आडवं पलीकडे जातं आणि पंजाला सोबत नेतं. प्रोनेशनमध्ये एक्स-रे काढला तर ही हाडं फुलीसारखी दिसतात.

कोपर कमरेला चिकटवायला सांगितलं ते उगाच नाही. हात सरळ लोंबत असेल तर खांदाही फिरतो आणि तळवा त्याहून कितीतरी जास्त वळलेला दिसतो. मोजमाप चुकतं ते बहुधा इथेच.

दंडातला बायसेप्स फक्त कोपर दुमडतो असं व्यायामशाळेत वाटतं, पण कोपर वाकलेलं असताना तो सुपिनेशनचा सर्वांत ताकदवान स्नायू असतो. उजव्या हाताने स्क्रू घट्ट करणं म्हणजे सुपिनेशन, म्हणून ते जोरात जमतं. गच्च बसलेला स्क्रू सोडवताना तोच हात कमी पडतो आणि डावा हात कधीकधी सरस ठरतो.

हात गोल फिरवणं म्हणजे रोटेशन का?

नाही. रोटेशनमध्ये हाड स्वतःच्या लांबीच्या अक्षाभोवती फिरतं. हात लांब करून हवेत वर्तुळ काढता ते सर्कमडक्शन. त्यात फ्लेक्शन, ॲबडक्शन, एक्स्टेंशन, ॲडक्शन एकामागून एक येतात आणि हाड शंकूच्या आकाराची जागा व्यापतं. मनगटानेही असं वर्तुळ काढता येतं, आणि मनगटाला स्वतःचं म्हणावं असं रोटेशन जवळपास नाहीच.

पण दोन्हींचा संबंध वाटतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. हात अंगालगत सोडा, तळवा मांडीकडे. हात न पिळता समोर खांद्याइतका उचला. तसाच आडवा बाहेर न्या. मग बाजूने खाली आणा. तळवा आता पुढे बघतोय! कुठेही मुद्दाम पिळ दिलेला नाही, तरी हात ९० अंश फिरला. तीन वेगवेगळ्या अक्षांभोवतीच्या हालचाली एकामागून एक केल्या की असं होतं, आणि क्रम बदलला की शेवटची स्थितीही बदलते. खांद्याची हालचाल तीन आकड्यांत लिहून संपवता येत नाही ती याच कारणाने. रिपोर्टमधले आकडे उपयोगी आहेत, पण खांदा त्या आकड्यांनुसार हलत नाही.

हात डोक्यावर नेताना फक्त खांद्याचा उखळीचा सांधा हलतो का?

हा समज सर्वांत पक्का आणि सर्वांत चुकीचा. बाजूने हात पूर्ण वर नेला की १८० अंश होतात असं धरतात. त्यातले साधारण १२० दंड आणि खवाटा (खांद्यामागचं चपटं हाड) यांमधल्या सांध्यातून येतात, उरलेले ६० खवाटा बरगड्यांवरून सरकत वर फिरतो त्यातून. सरासरी पाहिली तर दोनास एक हे प्रमाण, अर्थात माणसागणिक ते बदलतं. या खवाट्याला धडाच्या सांगाड्याशी जोडणारं हाड एकच, कॉलर बोन. तीसुद्धा वर उचलली जाते आणि स्वतःभोवती मागे फिरते. शेवटचे काही अंश मिळायला पाठीचा कणाही थोडा मागे झुकतो.

म्हणून खवाट्याच्या हालचालींना स्वतंत्र नावं आहेत. खांदे उडवणं म्हणजे एलेव्हेशन, खाली दाबणं डिप्रेशन, पुढे हात लांबवून ढकलताना प्रोट्रॅक्शन, छाती काढताना रिट्रॅक्शन आणि हात वर जाताना ऊर्ध्व रोटेशन.

दंडाचं हाडही नुसतं वर जात नाही. अंगठा खाली करून, म्हणजे दंड आत पिळून, हात बाजूने वर न्या. मध्येच अडतो. आता तळवा वर करून न्या, पुढचा रस्ता मोकळा होतो. हाडावरचा मोठा उंचवटा खवाट्याच्या छताखाली अडकू नये म्हणून दंडाला बाहेर फिरावंच लागतं. हात वर नेताना ज्यांचा खांदा दुखतो त्यांच्या तपासणीत खवाटा कसा हलतो हे पाहिलं नाही, तर तपासणी अर्धीच झाली असं माझं मत आहे.

मान हलवून ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणताना एकच सांधा काम करतो का?

‘हो’साठीची बारीक हालचाल मुख्यतः कवटी आणि पहिल्या मणक्यामध्ये होते. ‘नाही’ म्हणताना पहिला मणका दुसऱ्या मणक्यावरच्या दातासारख्या उंचवट्याभोवती फिरतो. मान एका बाजूला साधारण ८० अंश वळते आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा या एका जोडीचा असतो.

कंबर वळवतो तेव्हा कंबरच वळते ना?

फारच थोडी. कमरेच्या मणक्यांचे मागचे छोटे सांधे अशा दिशेने बसलेत की पुढे-मागे वाकायला मोकळीक आहे आणि पिळायला जवळजवळ नाही. पाचही मणके मिळून एका बाजूला दहा अंशही वळत नाहीत. जे वळलेलं दिसतं ते छातीच्या मणक्यांतून आणि उभे असाल तर खुब्यातून. खुबे आखडलेला माणूस जड वस्तू घेऊन जागच्या जागी वळतो तेव्हा उरलेली पिळवटणूक कमरेला सोसावी लागते. म्हणून ओझं घेऊन वळताना पावलं फिरवायला सांगतात.

गुडघा बिजागरीचाच सांधा आहे की आणखी काही?

शाळेच्या पुस्तकात बिजागरी म्हणतात, ते ढोबळमानाने ठीक. पण खुर्चीत बसा, गुडघा काटकोनात ठेवा, मांडी हाताने घट्ट धरा आणि पावलाचं टोक आत-बाहेर वळवा. नडगी फिरताना जाणवेल. हेच पाय सरळ करून केलं तर पाऊल वळतं ते खुब्यातून, सोबत मांडीही फिरते.

मधे काय बदललं? गुडघा सरळ होण्याच्या शेवटच्या साधारण २० अंशांत नडगीचं हाड आपोआप थोडं बाहेर फिरतं (पाऊल जमिनीवर टेकलेलं असेल तर मांडीचं हाड आत फिरतं), अस्थिबंध ताणले जातात आणि सांध्याला कुलूप लागतं. मांडीच्या स्नायूंना फारसं न दमवता बराच वेळ उभं राहता येतं ते या कुलपामुळे. पुन्हा वाकताना ते उघडायचं काम गुडघ्यामागचा पॉप्लिटिअस नावाचा छोटा स्नायू करतो.

गुडघा वाकवला तर मांडी छातीला लागते, सरळ ठेवला तर का नाही?

मांडीमागचे हॅमस्ट्रिंग स्नायू खुबा आणि गुडघा हे दोन्ही सांधे ओलांडून जातात. गुडघा वाकलेला असताना त्यांना ढील मिळते आणि खुबा १२० अंशांपर्यंत दुमडतो. गुडघा सरळ केला की त्यांची लांबी दोन्हीकडे पुरत नाही आणि पाय ८०-९० अंशांवर थांबतो. सांधा तोच आणि तितकाच चांगला, फक्त दोरी अपुरी. मनगट पूर्ण आत दुमडून घट्ट मूठ वळायचा प्रयत्न करा, तिथेही हेच दिसेल.

पाय मुरगळतो तो नेहमी आतल्या बाजूलाच का?

नेहमी नाही, पण बहुतेक वेळा. चवडा वर घेणं म्हणजे डॉर्सिफ्लेक्शन, साधारण २० अंश. चवडा खाली नेणं म्हणजे प्लान्टर फ्लेक्शन, साधारण ५० अंश. तळपाय आत वळणं (इन्व्हर्जन) आणि बाहेर वळणं (इव्हर्जन) हे घोट्याच्या मुख्य सांध्यात नव्हे, त्याच्या खालच्या सांध्यांत होतं. इन्व्हर्जनला वाव जास्त आहे, कारण बाहेरच्या घोट्याचं हाड जास्त खाली उतरलेलं असतं आणि ते तळपाय बाहेर वळू देत नाही. शिवाय घोट्यात अडकलेलं टॅलस हाड मागे अरुंद आहे. चवडा खाली गेला की तोच अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. पायरी उतरताना नेमकं असंच पाऊल पडतं: चवडा खाली, तळवा आत. मग बाहेरच्या बाजूचा पुढचा अस्थिबंध सर्वांत आधी लचकतो किंवा फाटतो.

अंगठ्याच्या हालचाली वेगळ्या का मोजतात?

अंगठा बाकी बोटांच्या जवळपास काटकोनात बसलेला आहे, म्हणून त्याच्या दिशाही वळलेल्या. तळहातावरून आडवा सरकवणं त्याचं फ्लेक्शन, तळहातापासून समोर उचलणं ॲबडक्शन. मुळाशी खोगिराच्या आकाराचा सांधा आहे. त्यामुळे अंगठा करंगळीच्या टोकाला समोरून भिडतो. त्या हालचालीला अपोझिशन म्हणतात.

जबडा फक्त उघडतो-मिटतो का?

कानाच्या अगदी पुढे बोटं ठेवा आणि तोंड हळूहळू पूर्ण उघडा. आधी हाडाचं टोक जागच्या जागी फिरतं, मग ते पुढे-खाली सरकलेलं स्पष्ट लागतं. तोंड पूर्ण उघडल्यावर दातांमधलं अंतर साधारण ४० ते ५० मिलिमीटर असतं, स्वतःची तीन बोटं उभी बसतील एवढं.

‘नॉर्मल’ किती अंश? माझा सांधा कमी हलतो हे कसं ओळखायचं?

सांध्याचा कोन गोनिओमीटरने मोजतात. दोन पट्ट्या आणि मध्ये कोनमापक, एवढंच साधन. ठरलेल्या उभ्या स्थितीला शून्य धरायची पद्धत आज सगळीकडे रूढ आहे. कोपर ० ते १४५, गुडघा ० ते १३५-१४० असे आकडे पुस्तकांत दिसतात. पण वय, लिंग, सवयी यांनुसार फरक पडतो, आणि एकाच माणसाचं माप दोन वेळा घेतलं तरी पाच अंशांचा फरक सहज निघतो. म्हणून पुस्तकातल्या आकड्यापेक्षा समोरच्याच माणसाचा दुसरा हात किंवा पाय ही जास्त भरवशाची फूटपट्टी, अर्थात तो धड असेल तर.

हालचाल कुठे थांबते याइतकंच ती कशी थांबते हे महत्त्वाचं. कोपर सरळ करताना हाडावर हाड टेकून टणक थांबतं. दुमडताना मांसावर मांस दाबून मऊ थांबतं. मनगट मागे वळवताना ताणलेल्या पट्ट्यासारखं रेटा देत थांबतं. जिथे मऊ लागायला हवं तिथे टणक लागलं, तर तपासणारा सावध होतो.

बोटं मोडली तर संधिवात होतो का?

तसा पुरावा नाही. बोट ओढल्यावर सांध्यातला दाब एकदम उतरतो आणि वंगण द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये एमआरआयने हे घडतानाच टिपलं गेलं. आवाज पोकळी बनताना होतो की ती कोसळताना, यावर अजून वाद आहे. तोच सांधा पुन्हा मोडायला साधारण वीस मिनिटं लागतात. डोनाल्ड अंगर या अमेरिकन डॉक्टरांनी साठहून जास्त वर्षं एकाच हाताची बोटं मोडली आणि दोन्ही हातांत फरक नसल्याचं १९९८ मध्ये छापलं. २००९ मध्ये त्यांना त्यासाठी इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाला देतात तो पुरस्कार, मिळालं. एका माणसाचा प्रयोग म्हणून तो तोकडा, पण चिकाटी मानली पाहिजे. आवाजासोबत दुखत असेल, सूज येत असेल किंवा सांधा अडकत असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

जास्त लवचीक सांधे म्हणजे जास्त चांगले सांधे का?

मुळीच नाही. खांदा सर्वांत जास्त हलतो आणि मोठ्या सांध्यांत सर्वांत जास्त निखळतोही तोच. अंगठा कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या बाजूला टेकतो का, करंगळी ९० अंशांपलीकडे मागे जाते का, कोपर आणि गुडघे सरळच्या पलीकडे १० अंशांहून जास्त जातात का, गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकतात का, अशा तपासण्यांचा ९ गुणांचा बेटन स्कोअर असतो. गुण जास्त असूनही काही त्रास नसलेले लोक भरपूर आहेत. त्यांना आणखी ताणायला लावणं मात्र चुकीचं. त्यांना ताकद वाढवायचे व्यायाम लागतात.

सांधा स्वतः हलवता येत नाही, पण दुसऱ्याने हलवला तर हलतो. याचा अर्थ काय?

म्हणजे सांधा मोकळा आहे, अडचण त्याला हलवणाऱ्यांत आहे: स्नायू, त्याला हाडाशी जोडणारा दोर किंवा मज्जातंतू. कधी फक्त वेदनेमुळेही असं होतं. पडल्यावर हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने अलगद उचलला तर वर जातो, तेव्हा खांद्याचा दोर फाटल्याची शंका घेतात. दुखापतीनंतर हे अचानक झालं असेल तर दिवस घालवू नयेत.

स्वतःलाही हलवता येत नाही आणि दुसऱ्यालाही नाही, तर सांधा किंवा त्याचं आवरण आखडलं असावं. फ्रोझन शोल्डरमध्ये असंच होतं, आणि त्यात सर्वांत जास्त जातं ते बाहेरचं रोटेशन. कोपर कमरेला चिकटवून पंजा बाहेर नेता येत नाही. मधुमेह असणाऱ्यांत हा त्रास इतरांपेक्षा जास्त दिसतो, त्यामुळे असा खांदा घेऊन आलेल्या माणसाची साखर तपासलेली नसेल तर ती तपासून घ्यायला सांगतात.